शशिकलाबाईंनी केलेला पट

शशिकला टिपणीस यांचं माहेर पेणचं. शेजारी गणपतींचा कारखाना होता, आणि शाळेला सुट्टी लागली की त्या तिथेच जाऊन बसायच्या. डोळ्यांची आखणी त्यांना कोणी करू दिली नाही, पण पितांबराची किनार त्या अशी सरळ ओढायच्या की कारखान्याचे मालक म्हणायचे, "हिचा हात थरथरत नाही. हिला सासरी पाठवू नका, माझ्याकडेच ठेवा." त्यांना सासरी पाठवलं, तेही थेट बहारीनला.

नवरा कुमार टिपणीस. एका तेल कंपनीच्या भांडारात अधिकारी. दिसायला उमदा, रोज टाय लावून जाणारा, चार माणसांत बसला की मैफल रंगवणारा. तिथे त्याचा एक लेबनीज साहेब होता. त्याने कुमाररावांना बॅकगॅमन शिकवलं. तिकडे त्याला तावला म्हणतात. दोन बाजूंना मिळून चोवीस त्रिकोणी घरं, दोघांच्या पंधरा पंधरा सोंगट्या, दोन फासे. आपल्या सोंगट्या फिरवून आपल्या अंगणात आणायच्या आणि बाहेर काढायच्या. वाटेत कुणाची सोंगटी एकटी सापडली तर तिला मारून मधल्या पट्टीवर बसवायचं. साहेबाने त्यांना एक पट भेट दिला होता, शिंपल्यांच्या नक्षीचा. साहेबासमोर कुमारराव कायम हरायचे. मग घरी येऊन बायकोला खेळायला बसवायचे.

शशिकलाबाईंना खेळ यायला वेळ लागला नाही, पण समोर नवरा बसला की त्यांचं डोकं चालेनासं व्हायचं. घरचा एक नियम होता, कुमाररावांनी केलेला. हरणाऱ्याने उठून उभं राहायचं, दोन्ही कान पकडायचे आणि म्हणायचं, "मी ढ आहे." शुक्रवारी सुट्टी असायची, ओळखीची मराठी कुटुंबं जेवायला यायची. जेवणं झाली की कुमारराव पट मांडायचे.

"शशी, ये. लोकांना गंमत बघायचीय."

"अहो, भांडी पडलीत."

"भांडी पळून जातात का? ये."

आणि डाव संपला की, "नियम काय आपल्या घरचा?" त्या उठायच्या. कान पकडायच्या. पाहुणे हसायचे, बायका नवऱ्यांकडे बघून हसायच्या, आणि छोटी चारुता टाळ्या वाजवत सोफ्यावर उड्या मारायची. "आई ढ! आई ढ!" हे वर्षानुवर्षं चाललं. कुमाररावांनी बायकोवर कधी हात उचलला नाही. ते स्वतःच अभिमानाने सांगायचे तसं.

निवृत्तीनंतर दोघं नवीन पनवेलला फ्लॅट घेऊन राहिले. चारुताचं लग्न होऊन ती पुण्याला गेली. एकदा कुमाररावांचे बहारीनचे दोन मित्र सहकुटुंब जेवायला आले, आणि पट मांडला गेला. त्या दिवशी शशिकलाबाईंना काय झालं कोण जाणे, त्यांनी नवऱ्याकडे बघितलंच नाही. फक्त पट बघितला. त्यांनी आपल्या अंगणातली सहाच्या सहा घरं बंद केली आणि कुमाररावांची एक सोंगटी मधल्या पट्टीवर अडकली. कुमारराव फासे टाकत राहिले, सोंगटीला आत यायला घर नव्हतं. शशिकलाबाई एकेक करून आपल्या सगळ्या सोंगट्या बाहेर घेऊन गेल्या.

"कुमार, कान!" एक मित्र ओरडला.

कुमारराव मोठ्याने हसले. "अरे, फासे काय, माकडाच्या हातूनही पडतात," असं म्हणून त्यांनी पट मिटला आणि आइस्क्रीम आणायला आत गेले. कान कोणी पकडले नाहीत.

दुसऱ्या दिवशी शोकेसमध्ये पट नव्हता.

"अहो, पट कुठे गेला?"

"दिला भंगारवाल्याला. खेळायला बरोबरीचं माणूस लागतं." वर्तमानपत्रातून मान वर न करता ते म्हणाले.

त्यानंतर टिपणिसांच्या घरात कधी पट मांडला गेला नाही.

पुढे बऱ्याच वर्षांनी एका सकाळी दाढी करताना कुमारराव बाथरूममध्ये पडले. उजवी बाजू गेली आणि वाचाही. तोंडात एकच शब्द उरला, "नको". पाणी हवं असलं तरी नको, नको असलं तरी नको. पंखा लावला तरी नको, बंद केला तरी नको. सुरुवातीला शशिकलाबाई प्रत्येक नकोचा अर्थ लावत बसायच्या. मग त्यांनी ते सोडून दिलं.

कुमाररावांना उचलायला, अंघोळ घालायला ओवे गावातून मालू यायची. आगऱ्यांची, दणकट, पन्नाशीची बाई. शिवाय अनुष्का नावाची फिजिओथेरपिस्ट यायची. ती म्हणाली, "काकू, डाव्या हाताला काम द्या. काहीतरी उचलायचं, ठेवायचं. त्यांच्या आवडीचा एखादा खेळ असेल तर उत्तमच."

"आहे ना," शशिकलाबाई म्हणाल्या.

पट विकत मिळाला असता. मोबाइलवर मागवला असता तर घरपोच आला असता. अनुष्काने तसं सुचवलंही. पण शशिकलाबाईंना तो स्वतः करायचा होता. उरण नाक्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानातून त्या करवत, सँडपेपर आणि बिजागऱ्या घेऊन आल्या. जुन्या शोकेसची दोन दारं काढली. ती बिजागऱ्यांनी अशी जोडली की पुस्तकासारखी मिटावीत. कडेने लाकडी पट्ट्या ठोकल्या, म्हणजे फासे बाहेर जाणार नाहीत. मध्ये एक जाड पट्टी, मेलेल्या सोंगट्यांसाठी. सगळं काम बाल्कनीत, आणि कुमाररावांची चाकांची खुर्ची त्या समोरच आणून ठेवायच्या.

"काय करताव वैनी?" मालूने विचारलं.

"साहेबांसाठी खेळ करतेय."

"लई झ्याक. बगा साएब, तुमच्यासाटी हाय."

"नको," कुमारराव म्हणाले.

घरांसाठी चोवीस त्रिकोण हवे होते. रंगाने काढता आले असते, तो हात अजून थरथरत नव्हता. पण शशिकलाबाईंनी कपाट उघडलं आणि नवऱ्याचे सगळे टाय पलंगावर आणून पसरले. रेशमी, पट्ट्यापट्ट्यांचे, ठिपक्यांचे. एकेक टाय त्या कुमाररावांच्या डोळ्यांसमोर धरायच्या.

"हा तुमच्या साहेबांनी दिलेला ना हो? प्रमोशनच्या वेळी?"

"नको."

"नको ना? मग कापते."

पुठ्ठ्याचा एक त्रिकोण कापून त्यांनी माप केलं होतं. ते टायवर ठेवून खडूने आखायचं, शिवणाच्या मोठ्या कात्रीने कापायचं, उलट्या बाजूने इस्त्री फिरवायची आणि फेविकॉल लावून दारावर चिकटवायचं. एक गडद, एक फिका, एक गडद, एक फिका. कात्री चालायला लागली की कुमाररावांच्या उजव्या डोळ्यातून पाणी यायचं. झटका आल्यापासून तो डोळा तसाही पाझरायचा, त्यामुळे मालू नुसतं पुसून टाकायची.

सोंगट्या त्यांनी पडद्याच्या सागवानी दांड्याच्या चकत्या कापून केल्या. बोटांत धरता याव्यात म्हणून जाडसर. घासून घासून गुळगुळीत केल्या. अर्ध्या तशाच ठेवल्या आणि अर्ध्यांना कुमाररावांचं बुटांचं काळं पॉलिश चढवलं. बूट आता कोणी घालणार नव्हतं. फासे नातीच्या, इराच्या, जुन्या लाकडी ठोकळ्यांचे केले. त्यांच्यावर नेलपॉलिशने लाल ठिपके दिले. पट पूर्ण झाला तेव्हा शशिकलाबाई बराच वेळ तो नुसत्या बघत बसल्या. लग्नानंतर एवढ्या मनापासून त्यांनी काही केलं नव्हतं, आणि तो खरोखर सुंदर झाला होता.

त्या दुपारपासून खेळ सुरू झाला.

कुमारराव डाव्या हाताने फासे ढकलायचे. सोंगट्या दोघांच्याही शशिकलाबाईच हलवायच्या, कारण कुमाररावांचा हात भलतीकडे जायचा. पहिले काही दिवस त्या सरळ खेळल्या. मग एकदा त्यांना तीन-दोन पडले आणि त्यांनी सहा-पाच खेळले. कुमाररावांकडे बघितलं. ते त्यांच्याकडेच बघत होते.

"नको."

"काय नको? सहा पडले, पाच पडले. दिसत नाही का तुम्हाला?"

मग तेच सुरू झालं. कुमाररावांना चांगलं दान पडलं की शशिकलाबाई मोठ्याने चुकीचं मोजायच्या आणि त्यांची सोंगटी नेमकी एकटी पडेल अशी ठेवायच्या. पुढच्या दानाला ती मारायच्या, आणि मधल्या पट्टीवर ठेवताना लाकडावर जोरात आपटायच्या. डाव संपला की उठून नवऱ्याजवळ जायच्या. त्यांचा डावा हात उचलून त्यांच्याच कानाला लावायच्या आणि बोटं दाबून धरायच्या.

"नियम काय आपल्या घरचा? म्हणा. मी ढ आहे."

"नको."

"म्हणा."

"नको, नको, नको."

बाकी कुमाररावांची काळजी घेण्यात त्यांनी कसूर केली नाही. पाठीला एक जखम होऊ दिली नाही. डाळ-तांदळाचं खिमट गरम, चादर रोज धुतलेली, औषध वेळेवर. पाहायला येणारा माणूस थक्क होऊन जायचा.

मालू हे सगळं बघत होती. एक दिवस काम आटोपल्यावर तिने पदराला हात पुसले आणि दारातच उभी राहिली.

"वैनी, मी उद्यापासून येनार नाय."

"का गं? काय झालं?"

"माज्या नवऱ्याने मला मारलंय. सासूने मारलंय. मारलेलं बगवतं मला. ह्ये नाय बगवत."

"तुला माहीत नाही त्यांनी माझं काय केलंय ते."

"नसंल म्हाईत. पन तवा तुमी बोलू शकत होताव." एवढं बोलून मालू जिना उतरून गेली.

शशिकलाबाईंनी दुसरी बाई शोधली नाही. सगळं स्वतः करू लागल्या.

सोसायटीत त्यांचं नाव झालं. महिला मंडळाच्या किशोरीताई एकदा फळं घेऊन आल्या होत्या. त्यांनी तो पट बघितला, टायचे त्रिकोण बघितले आणि त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकला. महिला दिनाला सोसायटीच्या हॉलमध्ये शशिकलाबाईंचा सत्कार ठरला. किशोरीताईंनी आश्चर्याचा धक्का म्हणून चारुतालाही पुण्याहून बोलावून घेतलं.

शाल, नारळ, भाषण झालं. "नवऱ्याच्या आठवणींचे धागे जोडून या माउलीने त्याच्यासाठी पट विणला," किशोरीताई माइकवर म्हणाल्या. मग सगळ्यांनी आग्रह धरला की एक छोटासा डाव इथे खेळून दाखवा. कुमाररावांची खुर्ची स्टेजवर आणली. इस्त्रीचा शर्ट घातलेला, केस विंचरलेले. पट मांडला. थोडा वेळ खेळ झाला आणि शशिकलाबाई म्हणाल्या, "हरले हो हे."

त्यांनी कुमाररावांचा हात उचलून कानाला लावला.

हॉलमध्ये हशा पिकला. "किती गोड!" कुणीतरी म्हणालं. सगळ्यांचे मोबाइल वर गेले. कुमारराव "नको, नको" म्हणत होते आणि लोकांना ते लाजताहेत असं वाटत होतं. शशिकलाबाईंनी समोर बघितलं. पहिल्या रांगेत चारुता उभी होती, आणि तेवढी एकटीच हसत नव्हती.

घरी आल्यावर चारुताने बेडरूमचं दार लावून घेतलं.

"आई, हे थांबव."

"काय थांबवू?"

"तुला माहितेय काय ते."

"तू टाळ्या वाजवायचीस. सोफ्यावर उभी राहून."

"मी सात वर्षांची होते गं!"

"मी बत्तीस वर्षांची होते."

चारुता रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "मी बाबांना घेऊन जाते पुण्याला. उद्याच. तुझ्याजवळ नाही ठेवणार."

"ने," शशिकलाबाई म्हणाल्या.

त्यांनी त्याच संध्याकाळी बॅग भरली. डायपर, औषधं, मऊ टॉवेल, खिमटाची भरड. कुठली गोळी कशानंतर द्यायची ते चारुताला समजावून सांगितलं. कूस कशी बदलायची, तोंडात घास अडकला तर मान कशी वळवायची ते करून दाखवलं. चारुता बघत राहिली. डायपर बदलताना ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. सकाळी ती बराच वेळ बाल्कनीत नवऱ्याशी फोनवर बोलत होती. आत आली तेव्हा बॅगेकडे न बघताच म्हणाली, "आई, लगेच नाही जमणार. इराची परीक्षा आहे. आमच्याकडे एक्स्ट्रा रूमही नाही. मे महिन्यात बघू."

"बरं," शशिकलाबाई म्हणाल्या आणि बॅग रिकामी करायला बसल्या.

चारुताने वडिलांच्या कपाळाला ओठ टेकवले आणि ती गेली. मे महिना आला नि गेला. ती दर रविवारी व्हिडिओ कॉल करायची. त्या पटाबद्दल तिने पुन्हा कधी विचारलं नाही. दुपारचा डाव चालूच राहिला.

पावसाळ्यानंतर कुमाररावांना तपासणीला नेलं. डॉक्टर तरुण होते. त्यांनी कुमाररावांसमोर पेन धरलं, घड्याळ धरलं. तीन वस्तू ठेवून चमचा उचलायला सांगितला. कुमारराव डॉक्टरांच्या शर्टाच्या बटणाकडे बघत राहिले. नवीन स्कॅन बघून डॉक्टर म्हणाले, "मधल्या काळात मेंदूत आणखी छोटे छोटे झटके येऊन गेलेत. आजूबाजूला काय चाललंय हे त्यांना आता फारसं कळत नसणार. बरेच महिने झाले असतील या अवस्थेला."

"असं कसं? आम्ही रोज बॅकगॅमन खेळतो."

डॉक्टर समजुतीने हसले. "तुम्ही खेळत असाल, काकू."

घरी आल्यावर शशिकलाबाईंनी पट उघडला. नवऱ्यासमोर फक्त दोन सोंगट्या ठेवल्या, एक काळी, एक साधी.

"तुमची कुठली?"

कुमाररावांनी पटाकडे बघितलं नाही. त्यांनी बाजूला पडलेला फासा उचलला आणि तोंडात घालू लागले. शशिकलाबाईंनी तो काढून घेतला. पुन्हा विचारलं, "अहो, तुमची सोंगटी कुठली? काळी ना?" कुमाररावांनी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं, आणि आपला डावा हात हळूहळू वर उचलून आपला कान पकडला.

शशिकलाबाईंनी त्यांना तसं करायला सांगितलं नव्हतं. डाव झालाच नव्हता.

त्यांनी तो हात खाली घेतला. तो परत वर गेला. त्यांनी पट मिटला आणि उचलून माळ्यावर टाकला. संध्याकाळी त्या वाटी-चमचा घेऊन समोर बसल्या, तर कुमाररावांनी कान पकडला. सकाळी तोंड पुसायला गेल्या, तेव्हाही पकडला. त्या खोलीत आल्या की हात कानाला जायचा, आणि तो तसा असला की खाणं घशाखाली उतरायचं नाही. पटातलं त्या माणसाला काही उमगत नव्हतं. किती दिवस उमगत नव्हतं, कोण जाणे. त्या खोटं मोजत होत्या ते कुणाला फसवायला? मात्र एवढी एक गोष्ट त्याला पक्की शिकवून झाली होती.

त्यांनी ती विसरायला लावायचा प्रयत्न केला. हात कुरवाळला. गाणी म्हटली. एकदा त्या त्यांच्यासमोर जमिनीवर बसल्या, स्वतःचे कान पकडले आणि म्हणाल्या, "मी ढ आहे. मी. तुम्ही नाही." कुमाररावांनी ते बघितलं आणि आपला कान आणखी घट्ट धरला. कानाची पाळी लाल झाली.

वजन उतरू लागलं तेव्हा शशिकलाबाई रिक्षा करून ओव्याला गेल्या. मालूचं घर विचारत विचारत शोधलं. मालू अंगणात सुकट निवडत होती. तिने पाट दिला, पाणी दिलं, पण विचारलं काही नाही.

"मालू, ते माझ्या हातून खात नाहीत."

मालूने निवडणं चालूच ठेवलं.

"पट माळ्यावर टाकला मी. आता काही नाही तसलं. तू ये."

"त्यांच्यासाटी येन," मालू म्हणाली. "तुमच्यासाटी नाय. आनि मी येईन तवा तुमी त्यांच्या समोर यायचं नाय."

शशिकलाबाईंनी मान हलवली.

मालू आली. पहिल्या दिवशी तिने दार लावून घेतलं आणि कुमाररावांना भरवलं. रिकामी वाटी बाहेर आणून ठेवली. शशिकलाबाईंनी ती दोन्ही हातांनी उचलली. मालू राहायलाच आली. मग तसंच ठरून गेलं. शशिकलाबाई स्वयंपाक करायच्या, चादरी धुवायच्या, औषधं काढून वाटीत ठेवायच्या, आणि खोलीचा उंबरा ओलांडायच्या नाहीत. एखाद्या वेळी दार अर्धवट उघडं राहायचं, तेव्हा त्या भिंतीला चिकटून पुढे जायच्या. आतून मालूचं बोलणं ऐकू यायचं. गावातल्या जत्रेचं, सुनेचं, कोंबड्यांचं. मधूनमधून कुमाररावांचं "नको", आणि त्यावर मालूचं "बरं, नको तर नको." किशोरीताई भेटायला यायच्या तेव्हा शशिकलाबाई त्यांना बाहेरच्या खोलीतच बसवायच्या. "आत्ताच झोपलेत," असं सांगायच्या. किशोरीताई त्यांचा हात हातात घेऊन म्हणायच्या, "तुमच्यासारखी बायको मिळायला भाग्य लागतं."

असे काही महिने गेले. एका दुपारी शशिकलाबाई गॅसवर खिमट ढवळत होत्या. मालू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. तिच्या हातात ओला टॉवेल होता.

"वैनी," ती म्हणाली, "आता जावा तुमी आत."

शशिकलाबाईंनी गॅस बंद केला. हात धुतले, पुसले. मालू बाजूला झाली आणि त्या खोलीत गेल्या.